उपासाच्या पिशवीतला मेक्सिको

आषाढी एकादशी. कळवा स्टेशनबाहेर राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, रताळी घेतली आणि डोक्यात मेक्सिको सिटी घोळायला लागली. तिथे फुटपाथवर याच राजगिऱ्याच्या वड्या विकतात. लाह्या मधात किंवा पाकात घोळून थापायच्या, वर शेंगदाणे, मनुका, भोपळ्याच्या बिया. नाव ‘आलेग्रिया’. पहिल्याच घासाला माझं पाहुणेपण संपलं. आपलाच लाडू, फक्त चौकोनी!

अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्यांचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते खपलं नाही. तरी दाणा तगला. शहराच्या दक्षिणेचं तुल्येवाल्को आजही या वड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आणि आपण? मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळं, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदसुद्धा, सगळा अमेरिका खंडातला माल. जहाजांतून आला आणि आपण त्याला थेट उपासाच्या ताटात बसवलं. गहू-तांदूळ मात्र बाहेर. (हे सोवळं कुणी ठरवलं, कोण जाणे.)

चिंच उलट्या दिशेने गेली. तिच्या गरात साखर, मीठ, लाल तिखट घालून मेक्सिकन लोक गोळ्या करतात. जिभेला झिणझिण्या येतात, पण हात थांबत नाही. कणसाला मात्र लिंबू-तिखटाबरोबर मेयोनीज आणि चीजही फासतात. ते काही मला झेपलं नाही. निखाऱ्यावर काळं पडलेलं कणीस, त्यावर तिखट-मीठ लावून लिंबाची फोड खसाखसा चोळायची, बस्स. यात आपण त्यांच्या पुढे आहोत, असं माझं ठाम मत आहे.