आमचा आड

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाड्यात पाणी भरण्याचा एक सोहळाच असे. चिंचेने लखलखीत घासलेला तांब्याचा बंब, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि आडावर आम्हां पोरांची झुंबड. त्या दिवशी नळाचे पाणी आत्याला चालत नसे. “नळ सरकारचा, आड आपला,” हा तिचा सिद्धांत. रहाटाची कुरकुर कानावर पडली, की मगच तिच्या लेखी दिवाळी सुरू होई.

वाडा नाशिकच्या जुन्या भागातला, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. आणि पुराचे माप विचाराल तर तो फूट सांगणार नाही, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी आहे की गळ्याला, एवढेच सांगेल. मारुतीच्या कमरेला पाणी लागले, की दोन दिवसांनी आमच्या आडाचे पाणी हातभर वर येई. “नदीची न् आडाची आतून ओळख आहे रे,” आत्या म्हणे. खोटे नव्हते ते. काळ्या पाषाणावर मुरुमाचा थर असतो. त्यात मुरलेले पाणी सावकाश झिरपत आडात उतरते.

गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. नळाला पाणी आले, आणि आड हळूहळू दिवाळीपुरता उरला. पुढे २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळाला काँक्रीट झाले. त्यानंतर आमच्या आडाचे पाणी उन्हाळ्यात तळ गाठू लागले. सगळा दोष काँक्रीटच्या माथी मारायचा मला फार मोह होतो. पण आळीतल्या नव्या इमारतींनी दोन-दोनशे फुटांच्या विंधनविहिरी घेतल्या होत्या, हेही खरेच.

२०१० साली आमचाही वाडा पडला. आड नेमका गाड्या उभ्या करायच्या जागेत येत होता. बुजवला, तर दोन मोटारी मावणार होत्या. कागदावर सही माझी. आत्या भांडली नाही; एवढेच म्हणाली, “बुजवतोस तर बुजव. पण एक नळी उभी ठेव. श्वास कोंडेल त्याचा.” कंत्राटदार हसला. मीही हसलो. तिचे मन राखायला चार इंची नळी उभी ठेवून आडात दगडगोटे भरले, आणि वर फरशी बसवताना ती नळीही झाकून टाकली. हे आत्याला सांगितले नाही.

दोन मोटारींचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. गावात पाणीकपात, आणि आमची विंधनविहीर नुसता वारा ओकत होती. आदल्या वर्षी जायकवाडीला पाणी सोडल्यावरून नाशिक खवळले होते. वरच्याने खालच्याचा वाटा ठेवावा, हा २००५ चा कायदा. तहानलेल्याला तो पटवणे कठीण. कट्ट्यावर मीही तावातावाने बोलत असे. पण घरी येताना वाटे, धरणातले पाणी मराठवाड्याने नेले म्हणा हवे तर. माझा आड कोणी नेला?

त्याच उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले, आणि त्यात टँकरने पाणी ओतावे लागले. नव्वदीला टेकलेल्या आत्याने ते ऐकले, नि कितीतरी वेळ ती गप्प बसली. “गंगेला टँकर?” मग म्हणाली, “आपल्या आडाची नळी आहे ना रे उघडी?”

मी “हो” म्हणालो.

ती गेल्यावर ते “हो” मला झोपू देईना. इमारतीच्या सभेत मी हिशेब मांडला: हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटर पाणी होते, आणि ते आपण गटारात सोडतो. तळमजल्याचे शेजारी ओलीला घाबरत होते. एकाने माझ्या वयाचा आदरपूर्वक उल्लेख केला. तीन सभा झाल्या. अखेर यंदा वैशाखात फरशी फोडली. नळी होती तिथेच होती. गच्चीचे पाणी वाळू-खडीच्या टाकीतून गाळून तिच्यात सोडले.

मृगाच्या पहिल्या सरीला छत्री घेऊन मी खाली गेलो आणि नळीला कान लावला. आत बराच वेळ काही नाही. मग खोलवर गुडगुड. शेजारी जिन्यातून विचारत होते, “काय ऐकता आजोबा?”

“आत्याशी बोलतोय,” म्हणालो.