चिकटा

मित्र गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी वहिनी त्याची पाच इंजिनं बुटांच्या खोक्यातून घेऊन आल्या. मॉडेल विमानांची छोटी डिझेल इंजिनं, दीड ते अडीच सी.सी.ची. गिऱ्हाईक ठरलं होतं, रक्कमही ठरली होती. "भावजी, चांगली आहेत एवढं तुम्ही त्यांना सांगा. तुमच्या शब्दावर ते घेणार आहेत," वहिनी म्हणाल्या.

या इंजिनांना स्पार्क प्लग लागत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण सिलिंडरात निव्वळ दाबाने पेटतं. पिस्टनला रिंगा नसतात. बिडाचा पिस्टन पोलादी सिलिंडरात घासून घासून बसवलेला असतो. दोघांमधली फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि माझा मायक्रोमीटर 10 मायक्रॉनच्या खाली वाचत नाही. त्यामुळे इथली झीज बोटांनीच जोखावी लागते.

पंखा हळू फिरवत पिस्टन वर न्यायचा, दाब लागला की तिथंच धरून मनात आकडे मोजायचे. धड इंजिन बोटांना मागे रेटत राहतं. झिजलेलं फुसफुसतं आणि सैल पडतं. एक्झॉस्टच्या तोंडाशी तेलाचे बुडबुडे दिसतात. मग पंख्याचा दांडा वर-खाली हलवून बघायचा. तो डुगडुगला तर बेअरिंग गेलं. पिस्टन वर असताना पंखा किंचित मागे-पुढे केल्यावर 'टक्' झालं, तर कनेक्टिंग रॉडचं भोक मोठं झालं.

जरा ऊब देऊन मोकळी केल्यावर पाचही इंजिनांनी दाब छान धरला. मला मात्र तिथंच शंका आली. एरंडेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा चिकटा होतो आणि तो फट बुजवतो. असं इंजिन थंड असताना उत्तम वाटतं. चालवलं की तापतं, चिकटा पातळ होतो, दाब सुटतो आणि विमान दोन-चार फेऱ्यांत खाली येतं.

वहिनी गेल्यावर मी इंजिनं उघडली, भाग थिनरमध्ये भिजवले, पुसून पुन्हा जोडले. तीन इंजिनांचा दाब गेला. प्रत्येकात जाड तेलाचे दोन थेंब सोडले, तेव्हा तो क्षणभर परत आला. म्हणजे झीज पिस्टन-सिलिंडरचीच, संशयाला जागा नाही. चौथं बरं होतं. पाचव्याच्या पिस्टनवर एकही ओरखडा नव्हता. ते बहुधा कधी चाललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींना सगळं दाखवलं. सर्वांत झिजलेलं इंजिन त्यांनी लगेच ओळखलं. "हे रविवारचं. याच्या एरंडेलाचा वास शर्टातून जायचा नाही." मग पाचवं उचललं. "आणि हे?"

"जपून ठेवलं असेल."

"कशासाठी?"

मला उत्तर सुचलं नाही.

गिऱ्हाइकाला मी खरं ते सांगितलं. त्याने दोनच घेतली. ठरलेल्या रकमेच्या निम्मेही पैसे आले नाहीत. वहिनींनी ते मोजून पर्समध्ये ठेवले आणि विचारलं, "न धुता दिली असती तर?"

"पूर्ण पैसे मिळाले असते. पण पहिल्याच रविवारी त्याला कळलं असतं."

"ते खरंय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण भावजी, धुण्याआधी मला विचारायचं होतं. मीसुद्धा हेच सांगितलं असतं."

गिऱ्हाइकाशी मी प्रामाणिक राहिलो होतो. वहिनी मात्र नको म्हणतील, असं मी त्यांना न विचारताच धरून चाललो होतो. त्यांच्या हातून काही चुकण्याआधीच मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता.

उरलेली तीन इंजिनं खोक्यात घालून त्या घरी घेऊन गेल्या. आता कुणी इंजिन तपासायला आणलं, की थिनरची बाटली उघडण्याआधी मी चिकट्याबद्दल सांगतो आणि विचारतो, "धुऊ का?" आजवर नाही कुणीच म्हणालं नाही.