पाचपोच

भालकी तालुक्यातल्या आमच्या खटकचिंचोळीत एकाच ओसरीवर तीन भाषा नांदायच्या. घरात मराठी, शाळेत कानडी आणि निजामाच्या राजवटीत शिकलेल्या आजोबांच्या तोंडी उर्दू. १९५६ साली बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी ओसरी तीच राहिली.

सात-आठ वर्षांचा असेन. शेजारी मयत झाली होती. बायका रडत होत्या आणि मी सगळ्यांदेखत विचारलं, "आता यांची बैलं कुणाची?" आजीनं दंड धरून घरी आणलं. मारलं नाही. सूप घेऊन तूर पाखडत बसली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुला पाचपोच कवा येणार रे?"

आजोबा त्यालाच तमीज म्हणत, शाळेतले मास्तर विवेचने. थोरपणी शब्दकोश चाळताना आजीचं ते सूपच सापडलं. विवेक आणि विवेचन दोन्ही 'विच्' धातूतले, म्हणजे वेगळं करणं. अरबीतून आलेल्या तमीजचा अर्थही फरक ओळखणं. तारतम्यात संस्कृतातले 'तर' आणि 'तम' बसलेत: अधिक काय, सर्वांत अधिक काय. मराठीत विवेचन म्हणजे उलगडून सांगणं एवढंच उरलं. कानडीनं त्यातली पारख जपली. अधिकाऱ्याच्या निर्णयावर सोडलेल्या बाबीला सरकारी कानडीत विवेचनाधिकार म्हणतात. लोक त्याला साहेबाची मर्जी समजतात. मर्जीला पाखडावं लागत नाही, म्हणून हे दोन शब्द एक नव्हेत असं मी ठामपणे म्हणतो.

हे सगळं मला कळायला मात्र उशीर झाला. नोकरीच्या पहिल्या वर्षी विधवा पेन्शनचे अर्ज माझ्याकडे होते. एक तरुण बाई खिडकीशी आली. मागं रांग होती. मी अर्ज उलटून मोठ्यानं विचारलं, "नवरा कधी वारला? कशानं? दाखला कुठाय?" तिनं पदर तोंडाशी धरला, कागद ओढून घेतला आणि गेली. दाखला मागणं नियमाला धरूनच होतं. रांगेला ऐकू जाईल असं विचारा, हे मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. ती परत आली नाही.

पुढं निवृत्त होईपर्यंत असा अर्ज मी खिडकीत वाचला नाही. बाईला आत बोलावून खुर्ची दिली, आणि मगच हळू आवाजात विचारलं.