दोन बादल्यांत गाडी

लातूर, १० मार्च

चि. ओंकार,


नव्या गाडीचे पेढे पोचले. गाडीचा फोटो मी शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. तुझी आई म्हणाली, सोसायटीने पाईप लावून गाडी धुवायला बंदी केलीय आणि तू त्यावर चिडला आहेस. सोसायटीने योग्यच केलं, असं माझं मत आहे. साध्या पाईपमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. पंधरा मिनिटांत दीडशे लिटर संपतात. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी मापदंड आहे. एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून जास्त पाणी एका गाडीवरून गटारात जातं.

एप्रिल २०१६ मध्ये तू शाळेत होतास. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ते दिवस काढलेल्या माणसाला वाहता पाईप बघवत नाही. बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर पाच हजारांचा दंड लावला, तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.

पण पाईपवाचून गाडी नीट निघत नाही, हा तुझा समज खरा नाही. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण. कोरड्या फडक्याने ते रगडले की उन्हात दिसणारे गोल-गोल ओरखडे पडतात. म्हणून पाणी किती ओतलं यापेक्षा तो कण न घासता कसा उचलला, हे महत्त्वाचं.

त्यासाठी दोन बादल्या घे. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड नको, त्याने आधीचं वॅक्स निघून जातं. झाडांवर पाणी मारायचा दोन लिटरचा हातपंप मिळतो, त्याने आधी धूळ भिजव आणि दोन मिनिटं थांब. (शेतातला फवारणीचा पंप कुणी देऊ केला तरी घेऊ नकोस, त्यात औषधाचा अंश राहतो.) मग वरून खाली ये: टप, काचा, बॉनेट, दारं. मायक्रोफायबरचा हातमोजा सरळ रेषेत, दाब न देता फिरव. एक भाग झाला की आधी साध्या पाण्यात खळबळून घे, मगच शाम्पूत बुडव. माती साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी बसते, रंगावर परत जात नाही. फेस पंपाच्या फवाऱ्याने उतरव आणि तो भाग लगेच टिपून घे. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. ते गाडीवर वाळलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, आणि ते काढणं धुण्यापेक्षा अवघड. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. त्यांना उरलेलं शाम्पूचं पाणी पुरतं. न खळबळता नुसतं टिपायचे शाम्पूही आता मिळतात, त्यात एका बादलीत काम होतं. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ते वापरू नकोस. कोकणातून आलास की तांब्याने पाणी ओतून चिखल आधी सोडवावाच लागेल, तिथे काटकसर करून रंग खराब करण्यात अर्थ नाही.

पाणी खरं वाचतं ते वॅक्समुळे. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते ऐंशी अंशांच्या वर वितळतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही टिकून राहतं. गाडी सावलीत, गार आणि पूर्ण कोरडी असू दे. अगदी पातळ हात फिरव. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना हात मात्र दुखतात. धुरकट झालं की बोट फिरवून बघ, स्वच्छ रेघ उमटली तर कोऱ्या फडक्याने पुसून घे. काळ्या प्लास्टिकवर आणि पुढच्या काचेवर लावू नकोस. वॅक्स केलेल्या रंगाला धूळ कमी चिकटते, पाण्याचे थेंब घरंगळतात, आणि पुढच्या वेळी अर्ध्या पाण्यात गाडी निघते. पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र वॅक्सच्या भरवशावर राहू नकोस. उन्हात ती रंगात उतरते. ओला फडका वर ठेवून ती मऊ होऊ दे आणि उचल.

दोन-तीन महिन्यांनी पाण्याचे थेंब धरेनासे झाले की वॅक्स पुन्हा लाव.

आणखी एक. तुमच्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या पुसायला जो मुलगा येतो, त्याचं काम बंद करू नकोस. त्याला दोन बादल्या आणि चार चांगले फडके घेऊन दे, ही पद्धत दाखव, पैसे थोडे वाढव. तो शिकला तर सोसायटीतल्या सगळ्याच गाड्या वाचतील आणि टाकीतलं पाणीही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय तूच मांड.

तुझा,
मामा