वस्तऱ्याची झीज

चि. बाळ यास,


जुने वस्तरे जमवायचा तुझा नाद चांगलाच आहे, पण हाती लागलेलं प्रत्येक पातं आरशासारखं लख्ख करायची तुझी घाई मला पटत नाही. जुन्या वस्तऱ्यात जपायची ती झीज, असं माझं मत आहे; धार त्यानंतर. वस्तरा दगडावर धरला की पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. दोन्ही बरोबरीने झिजतात, म्हणून पातं वर्षानुवर्षं अरुंद होत गेलं तरी धारेचा कोन फारसा बिघडत नाही. पाठीवर उमटलेला सपाट पट्टा जितका रुंद, तितका तो वस्तरा दगडावर फिरलेला. एका टोकाला तो जास्त खाल्लेला दिसला, तर धार लावणाऱ्याच्या हाताचा भार कुठे पडायचा हेही कळतं. पॉलिशचं चाक सर्वांत आधी हाच पुरावा खाऊन टाकतं. वर त्याने पातं तापतं, आणि त्यावर निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समज. मग ते कितीही चमको, धार धरणार नाही.

दुसरा पुरावा मुठीजवळच्या शिक्क्यांचा. इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे जगभर गेले. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे नुसतं ‘शेफील्ड’ असलेला वस्तरा बहुधा त्याआधीचा आणि ‘इंग्लंड’ही असलेला बहुधा नंतरचा, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण तो कायदा इतर देशांत जाणाऱ्या मालाला लागू नव्हता. पण हे ठसे उथळ असतात. चाकाखाली तेही जातात.

तू म्हणशील, गंज हीसुद्धा झीजच, मग ती का काढायची? झीज हाताने केलेली असते. गंज हेळसांडीचा, आणि तो अजून चालूच असतो. लाल गंज तेल लावून, बारीक कागदाने हलक्या हाताने काढ. स्थिरावलेला काळा डाग राहू दे. सेल्युलॉइडच्या मुठीचे वस्तरे मात्र वेगळे ठेव. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचं पोलाद खाते. जुनं जसंच्या तसं ठेवण्याचं उदाहरण जवळच आहे: आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथल्या सातवाहनकाळच्या खापरांवर नवी झिलई चढवावी असं कुणाला वाटत नाही, आणि ते गाव तर गोरा कुंभाराचं!

‘ज्याने दाढी होत नाही तो वस्तरा कसला?’ हा आक्षेप उरतो. पण दाढीचं काम त्याच्याकडून कधीच काढून घेतलं गेलंय. आज सलूनमध्ये ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लागतं. रक्तातून पसरणारे आजार पाहता ते योग्यच आहे. तुझ्या कपाटातल्या वस्तऱ्याने ती बरोबरी करायला जाऊ नये.

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. बलुत्यावर राबलेल्या माणसाचं हत्यार काचेत मांडून आपण त्या राबण्याची शोभेची वस्तू करत नाही का? करतो, जर एकटं पातं उचललं तर. मराठवाड्यात ज्याला वारीक म्हणतात त्या न्हाव्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, वस्तऱ्याबरोबर नखं काढायची नराणी, कात्री, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धारेचा दगड असं सगळं असायचं. सेना न्हावी यांनी अभंगात आरसा आणि चिमटा घेतला तो याच धोकटीतून. शिवाय हाच वस्तरा जावळाला मानाचा आणि केशवपनाला क्रूर. ज्या १८९० च्या कायद्याने तुला शिक्क्याचा काळ कळतो, त्या कायद्याच्याच वर्षी मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार देत संप केला होता. ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनीच ते खाली ठेवलं, आणि चकचकीत पातं यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून भूम, परांडा, उमरग्याकडे फिरशील तेव्हा धोकटी फोडून एकटा वस्तरा मागू नकोस. देणारा आनंदाने देत असेल तर सगळी घे, नाहीतर नुसती पाहून ये. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांध: गाव कोणतं, धान्य किती घरांकडून यायचं, दगड कुठला, शेवटचं काम कधी झालं. जे समजलं नाही ती जागा कोरी सोड, तर्काने भरू नकोस. आणि ते पॉलिशचं चाक तूर्त कुणाला तरी देऊन टाक.

तुझा,
मामा