रिकामं पात्र

पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात सोडलेली तांब्याची पातळ वाटी, वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. कोकणातल्या एका लग्नघरी गुरुजींनी हे मांडलं तेव्हा मांडवात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता आणि मुहूर्त पत्रिकेत मिनिटासकट छापलेला होता. तरी मी घंगाळापाशीच बसून राहिलो. बराच वेळ काहीच घडत नाही, हीच घटिकापात्र बघण्यातली गंमत. बुडाशी थेंब चमकतो, त्याचं इवलंसं तळं होतं, वाटी जराशी कलते, सावरते. कुणीतरी करवलीला हाका मारत असतं. काठ पाण्याला टेकायला आला की मात्र नजर हलत नाही. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांच्यात आता केसाचं अंतर, आणि गुडुप. चोवीस मिनिटं. एक घटका. अशा साठ भरल्या की एक अहोरात्र.

गुरुजींनी घंगाळात हात घातला, वाटी काढली, उपडी करून झटकली, पुन्हा सोडली. मला या हाताचंच कुतूहल जास्त. वाटी आपली आपण बुडते. आपली आपण वर येऊन रिकामी होत नाही.

गणिती भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची, गोष्ट ऐकलेली असतेच. तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. भास्कराचार्यांनी स्वतः ती कुठे सांगितलेली नाही. १५८७ साली मुघल दरबारातल्या फैजी या कवीनं त्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ फारसीत नेला, तिथून ही गोष्ट पसरली. खरी असो वा नसो, तिच्यातली एक गोष्ट मला छळते. पात्र तर थांबलं होतं, मग मुहूर्त टळला कशानं? सूर्य सरकत होता, मांडवातली फुलं मलूल होत होती, वऱ्हाडाला भूक लागत होती. एक वाटी अडकली तरी बाकीच्या असंख्य वाट्या भरतच होत्या.

त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त घटीयंत्राबरोबर एक अजब चाकही सांगितलंय. आरे पोकळ, त्यांत अर्धा पारा. एकदा फिरवलं की ते आपलं आपण फिरत राहणार. प्रत्यक्षात असं चाक थांबतं, घर्षण त्याला सोडत नाही. पण समजा, फिरत राहिलं असतं. पहिला फेरा कोणता आणि हजारावा कोणता, हे त्याच्याकडे बघून कुणाला ओळखता आलं असतं? ना झीज, ना थकवा. असल्या चाकाला काल नाही नि उद्याही नाही. काळ हवा असेल तर काहीतरी बुडावं लागतं.

लुडविग बोल्ट्झमान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हेच गणितात मांडलं. एकेकटा अणू पाहिला तर त्याला पुढे आणि मागे सारखंच. पण असे अगणित अणू एकत्र आले की विस्कटण्याच्या वाटा अफाट आणि जुळून येण्याच्या अगदी मोजक्या. वधूवरांवर टाकलेल्या अक्षता पुन्हा पाहुण्यांच्या मुठीत येत नाहीत, त्या एवढ्याचसाठी. या विचाराला कडवा विरोध झाला. त्याचं मन आधीच पोखरलेलं होतं. १९०६ साली दुइनो इथं बोल्ट्झमाननं स्वतःचं आयुष्य संपवलं.

विश्व आज विस्कटत चाललंय, म्हणजे कधीतरी ते विलक्षण नीटनेटकं असलं पाहिजे. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी पात्र रिकामं होतं. ते तसं कुणी करून ठेवलं? काळाच्या उगमाचा प्रश्न मला याच रूपात भेटतो, आणि ‘त्याआधी काय?’ या नेहमीच्या प्रश्नापेक्षा तो मला जास्त अवघड वाटतो. जयंत नारळीकरांना आरंभच मान्य नव्हता. फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये अनादी विश्वाची मांडणी केली: ते फुगतं, आक्रसतं, आणि त्यात वेळोवेळी नवं द्रव्य जन्मतं. म्हणजे पात्र पुन्हापुन्हा रिकामं होतं, फक्त पहिल्यांदा कधी, हे विचारायचं नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. पुरावा महास्फोटाकडे झुकतो. मीही तिकडेच झुकतो, पण नारळीकरांचा हट्ट मला आवडतो. एका पहिल्या क्षणाला सगळे नियम माफ का करावेत?

या असल्या विचारांना पोटापाण्याची सोयही लागते. चाळीसगावजवळ पाटण इथं शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा तो दाखला. वरचा मजकूर संस्कृतात, शेवटी दानाच्या अटी मात्र जुन्या मराठीत, बाजारातल्या माणसांना कळाव्यात अशा: पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघेल, त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळणारा कर यापुढे मठाला द्यायचा.