प्रवासापूर्वीची हजेरी

लांबच्या प्रवासास सहकुटुंब निघणाऱ्या गृहस्थाने प्रथम काय सिद्ध करावे, असा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आम्हांस कोणी विचारला असता, तर आम्ही मोठ्या ऐटीने एक यादी त्याच्या हाती ठेविली असती. याद्या करणे हे आम्हां शिक्षकांचे व्यसनच होय. आज मात्र त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही निराळे देऊ. ते उत्तर आम्हांस कसे सापडले, हे सांगताना आमची थोडी लाज उघडी पडणार आहे. परंतु शाळेच्या सहलीत आम्ही तुम्हांस दोनदोनदा मोजतो आणि तुम्ही एकमेकांकडे पाहून हसता, म्हणून ही हकीकत विद्यार्थिमित्रांपासून लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गतवर्षी मे महिन्याच्या सुटीत आम्ही पाचगणीस निघालो होतो. बरोबर आमच्या मेहुण्यांचे कुटुंब होते. दोन मोटारी, चार वडील माणसे व सहा मुले असा सारा मेळा. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर आम्ही चहास थांबलो. मुले या गाडीतून त्या गाडीत मनास येईल तशी बसत होती, व आम्हां वडिलांस त्याचे कौतुकच वाटत होते. चहा झाला, गाड्या निघाल्या. वाईस कृष्णेचा घाट पाहावा म्हणून उतरलो, तेव्हा आमच्या पत्नीने वहिनीस विचारले, “धाकटी झोपली का?” वहिनी म्हणाली, “ती तर तुमच्या गाडीत ना?”

त्या क्षणाचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. सुरूर ते वाई हे अंतर ते काय! पण परत जाताना ते आम्हांस संपता संपेना. चहाच्या टपरीपाशी पोहोचलो तो आमची साडेतीन वर्षांची मुलगी टपरीवाल्या बाईंच्या शेजारी गोणपाटावर बसून बिस्कीट खात होती. हात धुण्यासाठी ती टपरीमागे गेली होती, इतकेच. बाई म्हणाल्या, “हिला मी जागची हलू दिली नाही. म्हटलं, ज्यांचं लेकरू ते माघारी येणारच.” आम्ही त्यांचे आभार मानू लागलो, पण शब्द फुटेना. मुलीस कडेवर घेतले तेव्हा तिने एवढेच विचारले, “तुम्ही मला सोडून का गेला?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ती गोष्ट आम्ही शास्त्राच्या तासास कितीदा तरी शिकविली आहे. वल्हांडण सणानंतर योसेफ व मरीया यरुशलेमेहून परत निघाली, आणि बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळीत असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून गेली. पुढे तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. शिकविताना आमचे सारे लक्ष मंदिरातील प्रश्नोत्तरांकडे असे. आईबापांच्या त्या एका दिवसाच्या वाटचालीकडे आम्ही कधी थबकून पाहिले नव्हते. ती माणसे निष्काळजी नव्हती. ‘असेल कोणाबरोबर तरी’ एवढाच त्यांचा समज होता. आमचाही तोच होता. शाळेची मुले मोजणारे आम्ही; स्वतःची मुले मात्र आम्ही गृहीत धरली.

त्या दिवशी पत्नीने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु पुढे लांबच्या प्रवासाची गोष्ट निघाली की ती शांतपणे म्हणे, “अहो, आगगाडीने जाऊ.” बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक लागे.

तथापि तंजावर पाहावे, ही आमची फार दिवसांची इच्छा. त्या नगरीत मराठी राजांनी राज्य केले. तेथील बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठी भाषेत कोरलेला आहे, तो १८०३ सालचा. आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस त्या गावाचे आणखी एक अगत्य आहे. मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी बाल सरफोजीचा सांभाळ व शिक्षण यांची काळजी वाहिली. श्वार्ट्झ १७९८ साली निवर्तले. पुढे सरफोजी राजांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन यांजकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूजवळ राजा उभा आहे, असे ते चित्र होय. राजाने स्वधर्म सोडला नाही व गुरूने स्वधर्म लपविला नाही, तरी दोघांतील प्रेम अखेरपर्यंत टिकले. ते शिल्प आपल्या मुलांनी पाहावे, असे आमच्या मनात होते.

शेवटी एके रात्री जेवणे आटोपल्यावर पत्नी म्हणाली, “मोटारीनेच जाऊ. पण माझ्या तीन अटी आहेत.” आम्ही त्या ऐकण्यापूर्वीच मान्य केल्या. ती म्हणाली, “आधी ऐका तरी!”

पहिली अट अशी, की सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाही, मग मुक्काम कितीही जवळ असो. आमचा मूळ बेत दोन दिवसांत तंजावर गाठण्याचा होता. अहिल्यानगराहून (आमच्या लहानपणीचे अहमदनगर) तंजावर हजार किलोमीटरांच्या वर आहे. नकाशा पुढे घेऊन पत्नीने आमचे दोन दिवस खोडले व तेथे चार लिहिले: पहिला मुक्काम विजापूर (म्हणजे आजचे विजयपुरा), दुसरा चित्रदुर्ग, तिसरा कृष्णगिरी, आणि चौथ्या दिवशी सालेम व तिरुचिरापल्लीवरून तंजावर. दर दोन तासांनी अर्धा तास विसावा. मुलांनी त्या वेळात धावून घ्यावे. पहाटे दोनतीन वाजता निघून ‘मोकळा रस्ता’ साधण्याची आमची जुनी खोडही तिने मोडली. कारण त्याच प्रहरी माणसास झोपेची ओढ फार असते, आणि चालकाच्या डोळ्यांस ती न विचारता येते. ऋतूचाही विचार झाला. दिवाळीच्या सुटीत जावे, असे आम्ही म्हणत होतो. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे ईशान्य मोसमी पाऊस पडतो, हे भूगोलात शिकविणारे आम्हीच. सबब नाताळची उपासना येथे करून २६ डिसेंबरास निघावे व नववर्षाची उपासना तंजावरास करून परतावे, असे ठरले. तोवर पावसाचा जोर बहुधा सरलेला असतो.

दुसरी अट पट्ट्याची. कोणतेही मूल कोणाच्या मांडीवर बसणार नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली व प्रत्येकास पट्टा बांधलेला. या अटीवर मात्र आम्ही कुरकुर केली. धाकटीस लागणारे मुलांचे आसन स्वस्त नाही, आणि ते पैसे आम्ही पुस्तकांच्या एका कपाटासाठी बाजूस ठेविले होते. “आईच्या कुशीहून सुरक्षित जागा कोणती?” असा अलंकारिक प्रश्नही आम्ही टाकला. मग मधल्या मुलास गणित घालावे म्हणून पाटी घेतली. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे १४ मीटर. धडक होऊन गाडी एक दशांश सेकंदात थांबली, व मुलाचे वजन १६ किलो असले, तर त्यास धरून ठेवण्यास किती जोर लागेल? चिरंजीवांनी वस्तुमानास मंदनाने गुणिले, आम्ही भागाकार तपासला. उत्तर आले सव्वादोनशे किलो वजन उचलण्याइतके! आमच्या हातून खडू खाली राहिला. सव्वादोनशे किलो कोणती कूस धरील? कपाट रद्द झाले. कायदाही हेच सांगतो: २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाप्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा योग्य आसनाने सुरक्षित केलेले नसल्यास १००० रुपये दंड आहे. परंतु आमचे मन वळविले ते दंडाने नव्हे, पाटीवरच्या त्या आकड्याने.

मग शिंप्याची फीत घेऊन आम्ही मागची बैठक मोजली. धाकटीचे आसन, मधल्यास उंच करणारी गादी व थोरली, असे तिघे कसेबसे मावतात. मधल्यास गादी का, तर पट्टा गळ्यावर वा पोटावर न येता खांद्याच्या व कमरेच्या हाडांवर बसावा म्हणून. पुढच्या बैठकीवर कोणतेही मूल नाही. तेथील हवेची पिशवी मोठ्या माणसाच्या मापाची असते, आणि ती एवढ्या जोराने फुगते की लहान मुलास इजा व्हावी.

बाकीची तयारी यादीतली. हवा टायर थंड असताना भरली. जादा चाकही तपासले, कारण ऐन वेळी तेच बसलेले आढळते. गाडीची कागदपत्रे, विमा व प्रदूषणाचा दाखला एका लखोट्यात घातला. ११२ हा तातडीचा व १०३३ हा राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा क्रमांक थोरलीने मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत चिकटविला. शिदोरीस दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी व केळी. जलसंजीवनीच्या पुड्या घेतल्या. त्या संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घेतले. मधल्यास गाडी लागते. त्यास पुस्तक वाचण्याची बंदी. कारण डोळे पानावर स्थिर असतात आणि अंतर्कर्ण मात्र ‘आपण हालत आहो’ असे सांगतो, या दोहोंच्या भांडणात पोट बिघडते. त्याने दूरचे डोंगर पाहावे. वाचनाचे आवडते शिक्षकच वाचनास बंदी करितात, हे पाहून त्यास मोठी मौज वाटली.

तिसरी अट हजेरीची. चाक हलण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, एकेकाचे नाव घ्यावे व त्याने स्वतः ‘हजर’ म्हणावे. दुसऱ्याने दुसऱ्याची हजेरी देऊ नये. झोपलेल्यास हात लावून पाहावे. या कामी थोरलीची नेमणूक झाली आहे. काल संध्याकाळी घरासमोर उभ्या गाडीत आम्ही त्याची रंगीत तालीम केली. सर्वांचे पट्टे बांधून झाले, थोरलीने वहीतून नावे पुकारली, तिघांनी हजेरी दिली. आम्ही किल्ली फिरविणार तोच धाकटी मागून ओरडली, “बाबांचं नाव राहिलं!” वहीत खरेच ते नव्हते. थोरलीने ते लिहिले, वाचले, आणि आम्ही ‘हजर’ म्हणालो. शेजारी पत्नी हसत होती. वर्षभरानंतर मोटारीत बसलेली ती आम्ही प्रथमच हसताना पाहिली.

निघण्यास आता आठ दिवस उरले आहेत. रस्त्यावर काय घडेल हे प्रभूच्या हाती. त्याच्या कृपेवर विसंबूनच आम्ही निघू. परंतु जे त्याने आपल्या हाती दिले आहे, ते त्याच्यावर ढकलणे ही श्रद्धा नव्हे, आळस होय. म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढील सहलीत आम्ही तुम्हांस तिसऱ्यांदाही मोजू लागलो, तर हसा खुशाल. पण आपले नाव आले म्हणजे मोठ्याने ‘हजर’ म्हणा.